तीन फुटांतलं धुणं

नवा फ्लॅट बघायला माणसं येतात तेव्हा हॉलमध्ये सोफा कुठे बसेल याची चर्चा रंगते. बेडरूममध्ये कपाटाची मापं घेतली जातात, स्वयंपाकघरात ओट्याच्या ग्रॅनाइटवरून हात फिरवला जातो. ड्राय बाल्कनीचं दार मात्र कुणीतरी अर्धवट ढकलतं, "हां, इथे मशीन ठेवू," म्हणतं आणि पुन्हा लोटून घेतं. पुढची पंधरा-वीस वर्षं रोज ज्या जागेत पाय ओला होणार, ती जागा एवढ्यात बघून संपते.

मी पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, वारजे या भागांत लहान फ्लॅटच्या आतल्या कामाची आखणी करते. एक बीएचके, दोन बीएचके, कधीमधी तीन. या घरांमधल्या बायकांचा, मग त्या घरच्या असोत की कामाला येणाऱ्या, दिवसातला मोठा वेळ या बाहेरच्या चिंचोळ्या पट्टीत जातो. धुणं भिजवायचं, मशीन लावायचं, भांडी घासायची, पोछा पिळायचा, पायपुसणी आपटायची, सगळं तिथेच. केराचा डबा, झाडू-सुपली, गॅसचं जादा सिलिंडर, कांदे-बटाट्यांची जाळी हेही तिथेच जाऊन बसतं. माझं तर ठाम मत आहे की घराची आखणी इथूनच सुरू करावी. सोफा उद्या इकडचा तिकडे सरकवता येतो. पाणी निघून जायचं भोक चुकीच्या कोपऱ्यात असेल, तर ते हलवायला फरशी फोडावी लागते.

फ्लॅट घेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१६ च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात फ्लॅटची स्वतःची बाल्कनी धरलेली नाही. त्यामुळे चटई क्षेत्राच्या आकड्यावरून धुण्याच्या जागेचा अंदाज येत नाही. तिची लांबी-रुंदी आराखड्यावर वेगळी बघावी, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष टेप लावून मोजावी. गिलावा आणि टाइल चढल्यावर कागदावरचे तीन फूट पुष्कळदा तीन फूट राहत नाहीत.

काम हातात घेतलं की मी घरच्यांना सांगते, मला एक दिवस तुमचं धुणं दाखवा. पहिल्यांदा लोकांना हे विचित्र वाटतं. पण मळलेले कपडे कुठे साठतात, कोणते आधी भिजतात, कुणाचे हाताने धुतले जातात, मशीनमधून निघालेलं धुणं कुठल्या दोरीवर जातं आणि वाळलेले कपडे घडी होईपर्यंत कोणत्या पलंगावर पडून राहतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आखणी जमत नाही. धुण्याला एक क्रम असतो. जागा त्या क्रमाने लावली की हातातली बादली उगाच इकडून तिकडे फिरत नाही.

धायरीतल्या एका दोन बीएचकेचं उदाहरण सांगते, कारण तिथली मापं बहुतेकांच्या घराशी जुळतील. घरात नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, शाळेत जाणारी मुलगी आणि सुती नऊवारी नेसणाऱ्या आजी. धुणं-भांड्याला एक मावशी येत. ड्राय बाल्कनी ३ फूट रुंद आणि ६ फूट ९ इंच लांब, म्हणजे ९१ बाय २०६ सेंटिमीटर. स्वयंपाकघरातून तिथे जायचं दार लांब भिंतीच्या मधोमध. घरच्यांनी मशीन लांब भिंतीला पाठ लावून, कठड्याकडे तोंड करून ठेवायचं ठरवलं होतं, कारण नळ त्या भिंतीवर होता.

आता हिशेब बघा. समोरून दार उघडणारं, म्हणजे फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतं. खोली मॉडेलप्रमाणे ४५ पासून ६० सेंटिमीटरपर्यंत. मागे पाण्याचा पाइप वळायला आणि हवा खेळायला १० सेंटिमीटर तरी सोडावे लागतात. ६० खोलीचं मशीन लांब भिंतीला लावलं तर ७० सेंटिमीटर गेले आणि समोर उरले २१. तिथे माणूस बसून कपडे काढणार कसा? मशीनचं दारसुद्धा धड उघडणार नाही.

तेच मशीन आम्ही आखूड भिंतीला लावलं. ९१ रुंदीतले ६० मशीनने घेतले, बाजूला ३१ सेंटिमीटरची पट्टी उरली. लांबीतले ७० गेले. समोरच्या दुसऱ्या टोकाला ४५ सेंटिमीटर खोलीचं सिंक बसलं. मधे उरले ९१ सेंटिमीटर, म्हणजे ३ बाय ३ फुटांचा मोकळा चौक, आणि स्वयंपाकघराचं दार नेमकं त्या चौकात उघडतं. उभं राहिलं की एका हाताला सिंक, दुसऱ्या हाताला मशीन. कॉलर-कफ ब्रशने घासायचे, वळायचं, मशीनमध्ये टाकायचे. एकच अट होती. दार बाल्कनीत उघडून चालणार नव्हतं, ते आतल्या बाजूला उघडायला लागलं. ज्यांच्याकडे आतही जागा नसेल त्यांनी सरकतं दार करावं.

उरलेली ३१ सेंटिमीटरची पट्टी कोणत्या बाजूला ठेवायची, हेही बघावं लागतं. बहुतेक फ्रंट लोड मशीनच्या दाराच्या बिजागऱ्या डावीकडे असतात आणि त्या बदलता येत नाहीत. मशीन डाव्या भिंतीला चिकटवलं तर दार पूर्ण फिरत नाही, कपडे काढताना कोपर भिंतीला घासतं. म्हणून मोकळी पट्टी डावीकडे. वरून कपडे टाकायचं टॉप लोड मशीन असेल तर दाराचा प्रश्न येत नाही. तिथे झाकण उघडल्यावरची उंची मोजायची. वर कपाट किंवा कपडे वाळवायची दांडी खाली आलेली असेल तर झाकण अर्धवटच उघडतं. आणि दोन्ही प्रकारांत, पैसे भरण्याआधी घराची दारं मोजा. ड्राय बाल्कनीचं दार काही इमारतींत दोनच फुटी असतं. चौकटीची जाडी वजा केली की ६० सेंटिमीटरचं मशीन त्यातून जात नाही, आणि साठ-सत्तर किलोचं ओझं कठड्यावरून आत घ्यायला कुणी धजत नाही.

आता पाण्याकडे येते. या जागेत सगळ्यात जास्त लक्ष पाण्याला द्यायचं.

पहिला उतार. चार फुटांना अर्धा इंच उतार पुरेसा होतो. त्याहून कमी असेल तर पाणी जागच्या जागी थांबतं, फार जास्त दिला तर मशीन सरळ उभं राहत नाही. फ्रंट लोड मशीनच्या आत हलू नये म्हणून काँक्रीटची वजनं बसवलेली असतात आणि कपडे पिळताना ड्रम मिनिटाला हजार ते चौदाशे फेरे घेतो. पाय तिरपे असतील तर सगळं मशीन थरथरत पुढे सरकतं. म्हणून मशीनखाली आम्ही एक-दीड इंच उंचीचा सपाट कट्टा टाकतो, भोवतीची फरशी उतारावर राहते. चारही पाय फिरवून स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधे आणायचा. चाकांच्या ट्रॉलीवर मशीन ठेवायची पद्धत मला मान्य नाही. साफसफाईला ती बरी दिसते, पण उतारावर ती मशीनला कधीच स्थिर राहू देत नाही.

दुसरी गोष्ट नहाणी ट्रॅप. या भांड्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम थांबलेलं असतं आणि तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावाला जाऊन आलं की घरात जो उग्र वास येतो तो बहुतेक वेळा याचाच, भांड्यातलं पाणी आटलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतलं की वास जातो. धायरीच्या घरात बिल्डरने ट्रॅप नेमका आखूड भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे आम्हाला मशीन हवं होतं तिथेच दिला होता. मशीनखाली गेलेला ट्रॅप कुणी साफ करत नाही. धाग्यांचा गुंता, साबणाचा राप, केस आत साठत राहतात आणि एक दिवस स्वयंपाकघरात पाणी येतं. सुदैवाने तो डावीकडच्या कोपऱ्यात होता, म्हणजे आमच्या ३१ सेंटिमीटरच्या पट्टीत आला. हात घालून जाळी काढता येते, ब्रश फिरवता येतो. तो उजवीकडे असता तर मी फरशी फोडायला सांगितलं असतं.

तिसरी गोष्ट मशीनचा सोडपाइप. इथे फार घरांत घोटाळा होतो. फ्रंट लोड मशीन पंपाने पाणी बाहेर फेकतं आणि त्याच्या पाइपाचं तोंड जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावं लागतं. तोच पाइप खाली ट्रॅपच्या जाळीवर टाकून ठेवला, तर आत भरणारं पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर वाहत राहतं. मशीन पाणी घेत राहतं, सोडत राहतं, धुणं काही पुढे सरकत नाही. घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं. टॉप लोड मशीनचं पुष्कळदा उलट असतं. त्यातलं पाणी उताराने निघतं, त्यामुळे पाइप खालीच ठेवावा लागतो, उंच बांधला तर पाणी आतच राहतं. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत ही उंची दिलेली असते. आम्ही फ्रंट लोडसाठी भिंतीत दीड इंची उभा पाइप घेतो आणि तो जाळीच्या खाली थेट ट्रॅपला जोडतो. फेसाचं पाणी फरशीवर येतच नाही.

आमच्याकडे काम करणारे प्लंबरकाका नळ बसवायच्या आधी कितवा मजला ते विचारतात. कारण साधं आहे. गच्चीवरच्या टाकीपासून जितकं खाली यावं तितका पाण्याचा दाब वाढतो, १० मीटरला जवळजवळ १ बार. बहुतेक फ्रंट लोड मशीनना निदान अर्धा बार दाब लागतो. टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर तेवढा मिळत नाही. मशीन पाण्याची वाट बघत थांबतं आणि पाणी येत नसल्याची खूण दाखवतं. वरच्या दोन मजल्यांवर राहत असाल तर घराच्या लाइनला लहान प्रेशर पंप लागेल असं धरूनच त्याची जागा आणि विजेचा पॉइंट आखून ठेवा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी नळाआधी गाळणी बसवावी. त्या पाण्यातले क्षार मशीनच्या हीटरवर थर धरतात, साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे करडे पडत जातात. गाळणी फक्त रेती-गाळ अडवते. विरघळलेल्या क्षारांसाठी वरचेवर डीस्केलिंग पावडर टाकून रिकामं मशीन फिरवावं लागतं.

वॉटरप्रूफिंगबद्दल थोडक्यात सांगते, पण ते टाळू नका. टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइलच्या सांध्यांतून पाणी खाली जातंच, ते खालच्या थराने अडवायचं असतं, मग तो जुन्या पद्धतीचा ब्रिकबॅट कोबा असो की हल्लीचे रासायनिक लेप. टाइल बसवण्यापूर्वी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरून ठेवा आणि निदान चोवीस तासांनी खालच्या मजल्यावरच्या घराचं छत बघून या. शेजारधर्माच्या दृष्टीनेही हे बरं. ड्राय बाल्कनीच्या गळतीवरून शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं मी बघितलं आहे.

विजेचं काम लवकर सांगून होतं. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर साधारण २,००० वॅटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर वीज लागते. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ते चालवू नये. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून काम करणाऱ्या बाईचा जीव त्या लहानशा उपकरणावर अवलंबून असतो. प्लग मशीनच्या मागे दडवू नका. बाजूला, हात पोचेल असा, फरशीपासून चार फुटांवर आणि नळापासून लांब घ्या.

गॅसबद्दल मात्र मी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत नाही. ड्राय बाल्कनीत गॅस गिझर असेल आणि घरच्यांना धूळ नको म्हणून सगळीकडून काचा लावायच्या असतील, तर मी तसं काम करत नाही. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गिझरमुळे गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचत असतो, त्या अशाच बंदिस्त जागांमधल्या असतात. सिलिंडरचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो फरशीलगत साठतो. त्यामुळे सिलिंडर जिथे असेल तिथे खाली, जमिनीला लागून झरोका पाहिजे आणि विजेचा कोणताही पॉइंट खालच्या बाजूला नको. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून त्यासाठी वरचा झरोका. पावसाची झड अडवायची तर आडव्या पट्ट्यांचे लुव्हर लावा. पाणी अडतं, वारा चालू राहतो.

धायरीच्या घरात सिलिंडर होतं, गिझर विजेचा होता. सिलिंडर आम्ही बाल्कनीतून काढून ओट्याखालच्या कप्प्यात नेलं आणि त्या कप्प्याच्या दाराला खाली जाळी दिली.

यानंतर वाळवण. घराच्या आराखड्यात याचा कुणी विचारच केलेला नसतो. मशीन घेताना माणसं महिनाभर चौकशी करतात, पण एका वेळेला निघणारे सात किलो कपडे वाळत कुठे घालायचे, हे मशीन घरी आल्यावर सुचतं. मग पडद्याच्या दांड्या, खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कडा आणि पावसाळ्यात चक्क हॉलमधला पंखा. चाळीतल्या गॅलरीत प्रत्येकाची दोरी ठरलेली असायची, वाड्यात सोवळ्याच्या कपड्यांसाठी छताला टांगलेली उंच दांडी आणि कपडा वर टाकायला काठी असायची. ती सोय नव्या घरात पुन्हा आखावी लागते.

छताला टांगायच्या, दोरीने वर-खाली होणाऱ्या स्टीलच्या नळ्या तीन फुटी बाल्कनीसाठी मला सगळ्यात चांगल्या वाटतात. दुकानदार सहा नळ्यांचा संच गळ्यात मारतात. तीन फुटांत सहा नळ्या लावल्या तर दोन नळ्यांत पाच-सहा इंचांचं अंतर राहतं, ओला कपडा ओल्या कपड्याला चिकटतो आणि दोन्ही कुबट होतात. चारच घ्याव्यात, मधे आठ-नऊ इंच मोकळे सोडावेत. सहा फुटी नळी घ्यावी असं मी सांगते त्यालाही हिशेब आहे. साडेपाच मीटरच्या साडीची लांबीत तिहेरी घडी केली की बरोबर सहा फूट होतात. ती नळीवर अर्धी इकडे, अर्धी तिकडे टाकली की एका साडीला एक नळी पुरते आणि चुरगळ पडत नाही.

आजींच्या नऊवारीला हे पुरेना. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सहा फुटी नळीवर तिचे पाच पदर होतात आणि मधले पदर संध्याकाळपर्यंत ओले राहतात. आजींनीच उपाय सांगितला. "दोन दांड्यांवरून घाल गं, मधे झोळ सोड, वारा आतून फिरेल." शेजारशेजारच्या दोन नळ्या सारख्या उंचीवर घ्यायच्या आणि लुगड्याची लांबीत दुहेरी घडी करून ते एका नळीवरून दुसऱ्या नळीवर, परत पहिलीवर असं सैल फिरवायचं. दोन पदर कुठेही एकावर एक घट्ट बसत नाहीत. दुपारच्या चहापर्यंत लुगडं खडखडीत. त्यासाठी नळ्यांच्या दोऱ्या बांधायचे हूक आम्ही आजींच्या खांद्याच्या उंचीला लावले. दोरी ओढायला त्यांना कुणाची वाट बघावी लागत नाही.

नळ्यांचं छतातलं काम स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकूनच करावं. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला ओल्या चादरींचं वजन पेलत नाही. हाताने पिळलेल्या जाड चादरीत स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज राहतं.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, कोकणात तशीच, पुण्यातही ऊन दिसत नाही. तेव्हा कपड्यांना येणाऱ्या त्या ओळखीच्या वासाचं कारण २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी नीट शोधून काढलं. मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू धुतलेल्या कपड्यातही तग धरतो आणि कपडा फार वेळ ओलसर राहिला की वाढतो. त्याच्यापासून तयार होणाऱ्या एका आम्लाचा तो वास. म्हणजे अत्तराचं फॅब्रिक कंडिशनर ओतून तो जाणार नाही. कपडा लवकर वाळवणं हाच त्यावरचा इलाज. त्यासाठी मशीनमध्ये पिळण्याचा फेरा आणखी एकदा लावा, टॉवेल आणि चादरी गरम पाण्यात धुवा, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर भिंतीवरचा लहान पंखा सोडा. या पंख्याचा पॉइंट मी प्रत्येक घरात आखते. झड लागणार नाही अशा भिंतीवर तो घ्यायचा. आपल्याकडे पावसाचे वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे बाल्कनीचं तोंड दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर पंखा, प्लग आणि मशीन तिन्ही त्या कठड्यापासून दूर ठेवावेत. समुद्राकाठच्या घरांत तर खारी हवा मशीनचा पत्रा बघता बघता गंजवते.

कपडे वाळवायच्या ड्रायरबद्दल लोक विचारतात. धुणारं आणि वाळवणारं असं एकच मशीन घेणार असाल तर एवढं बघा की त्याची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेहून कमी असते. भरून धुतलेले कपडे एका वेळेला त्यात वाळत नाहीत, निम्मे बाहेर काढावे लागतात. ज्या घरात तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे मी ड्रायर जरूर घ्यायला सांगते. बाकीच्यांनी पंख्यावर भागवावं.

सिंकचं मी मागे ठेवलं होतं, कारण त्यात माझं सगळ्यात जास्त मन गुंतलं. धायरीच्या घरात मावशी भांडी खाली बसून घासत. घरच्यांना उभ्याचं सिंक हवं होतं आणि बाजारात मिळतं ते ३६ इंच उंचीवर लावायचं ठरत होतं, कारण घरातली मंडळी उंच. मी मावशींना विचारलं, तर त्या आधी म्हणाल्या, "मला काय, तुम्ही द्याल तिथं घासीन." जरा आग्रह केल्यावर म्हणाल्या, "उभ्यानं द्या ताई, गुडघे दुखतात. पण उंच नको. उंच सिंक असलं की पाणी कोपरापर्यंत वाहत येतं, पोलक्याच्या बाह्या भिजतात, थंडीत दिवसभर तसंच राहावं लागतं."

मग आम्ही त्यांना तिथे उभं करून माप घेतलं. हात सैल खाली सोडले की बोटांची टोकं जिथे येतात तिथे सिंकचा तळ यावा. त्यांची उंची पाच फुटांच्या आसपास, बोटांची टोकं जमिनीपासून २३ इंचांवर आली. सिंक १० इंच खोल, म्हणून काठ ३३ इंचांवर. काठ कोपराच्या बराच खाली राहिला, त्यामुळे पाणी हातावरून मागे येत नाही, आणि तळाशी पोचायला वाकावंही लागत नाही. नळ वर-खाली वळणारा, लांब मानेचा घेतला म्हणजे कुकर आणि कढई खाली मावते. खालची जागा दाराने बंद केली नाही, पाय आत सरकवायला मोकळी ठेवली. सिंकशेजारच्या एका फुटाच्या पट्टीत बादली, पोछा आणि झाडू. फरशीला खरबरीत, मॅट टाइल, आणि भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल, कारण भांडी घासताना पाणी उडतंच.

ड्राय बाल्कनी नसलेल्या घरांत, वन आरके किंवा जुन्या इमारतींत, मशीन बहुधा न्हाणीघरात जातं. तिथे ते अंघोळीच्या शॉवरच्या झडीबाहेर असावं आणि प्लग न्हाणीघराबाहेर असावा, एवढं पाळलं तरी पुष्कळ. ओट्याखाली ठेवायचं असेल तर ओट्याची उंची मशीनच्या ८५ सेंटिमीटरवर वाढवून घ्यावी लागते, आणि मग ओटा घरच्या बाईला उंच पडतो. तिथे पोळ्या लाटणारं माणूस कोण आहे ते आधी बघा.

पाणी वाचवायचं असेल तर हीच आखणी उपयोगी पडते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथे राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे मशीनच्या सोडपाइपाला एक जोड बसवलेला आहे. पाणी एका बाजूने ट्रॅपमध्ये, दुसऱ्या बाजूने झाकणाच्या पिंपात जातं. पहिलं साबणाचं पाणी जाऊ द्यायचं आणि खळबळून काढतानाचं पिंपात घ्यायचं. संडासाला आणि फरशी पुसायला ते पुरतं. फ्रंट लोड मशीन एका धुण्याला साधारण पन्नास-साठ लिटर पाणी घेतं, टॉप लोड पुष्कळदा त्याच्या दुप्पट, तेव्हा वाचणारं पाणी थोडं नसतं. पिंपाला फार तर १८ इंचांची जागा लागते. दुष्काळी भागात नवं घर बांधणाऱ्यांनी ती पहिल्याच आराखड्यात धरावी, आणि पिंप सोडपाइपाच्या तोंडापेक्षा खाली राहील असं बघावं.

नव्या फ्लॅटचा ताबा घेताना एक बादली भरून पाणी न्या. ड्राय बाल्कनीत ट्रॅपपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ते ओता आणि दहा मिनिटांनी परत येऊन बघा. जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने खूण करा, फोटो काढा, आणि बिल्डरला द्यायच्या दुरुस्तीच्या यादीत ते लेखी टाका. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर तो तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. फक्त तोवर वरून स्वतःच्या टाइल बसवू नका. मूळ उतार कुणी बिघडवला यावरून मग वाद सुरू होतो.